भुतांच्या मनोऱ्यात बोळा

नऊ मजले, आणि लिफ्ट नाही! ज्या कुणी हा मनोरा बांधला त्याला माझ्यासमोर आणून उभा करा, बाकीचं मी बघतो. एक्केचाळीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत काढली मी. माणसांना नऊ मजले चढायला लावणारा इसम माझ्या लेखी माणूसच नव्हे.

पण हा मनोरा विटा-सिमेंटचा नव्हता, माझ्या नातीच्या खेळातला होता. हातात मावेल एवढं यंत्र, मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. खेळात रानातून चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना पाळायचं, झुंजवायचं, आणि त्यांची ताकद वाढवत नेत पुढचं गाव गाठायचं. पुढच्या गावाच्या वाटेवर हा भुतांचा मनोरा. नातीनं तीन महिन्यांत चौदा वेळा दार उघडलं होतं आणि चौदा वेळा किंचाळून यंत्र उशीखाली कोंबलं होतं.

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. वय नऊ, वर्गात सगळ्यात लहान चणीची, आणि मुंगीसारखीच चावते. गुरुवारी सकाळी ती तीन दिवसांच्या शाळेच्या शिबिराला निघाली. तिथं असली यंत्रं न्यायची नाहीत असा हुकूम. तिनं ते यंत्र बापाला दिलं नाही, आईला दिलं नाही, माझ्या हातात दिलं. "बाबा विसरतो आणि आई कपाटात ठेवून देते," म्हणाली. खोटं कशाला बोलू, छाती दोन इंच फुगली माझी.

"आबा, नीट ऐक. सकाळ-संध्याकाळ सहाही जणांना खायला घालायचं. नाहीतर ते रुसतात. बाकी काही करायचं नाही."

"बाकी मी काय करणार आहे, डोंबल?"

"आणि मनोऱ्यात जाऊ नकोस."

"मला काय हौस आलीय?"

सहा जणांची नावं तिनं माझ्या वहीत लिहून दिली. हेडसर हा सगळ्यात दांडगा, शिंगं असलेला, ताकद एक्केचाळीस. शाळेतल्या हेडसरांसारखा चालतो म्हणून ते नाव. मग इस्त्री, ढेकर, मावशी, वाकड्या. आणि सहावा बोळा. हा म्हणजे खरोखरच चुरगाळलेल्या कागदाच्या बोळ्यासारखा राखाडी जीव, दोन ठिपक्यांचे डोळे, ताकद चार. चार! हेडसरानं शिंक दिली तरी उडून जाईल.

गुरुवारी संध्याकाळी मी सगळ्यांना खायला घातलं आणि वहीत वेळ टाकून सही केली. कामाची सवय. तेवढ्यात गवतातून काहीतरी उजेड मारत पुढ्यात उडी मारून आलं आणि संगीत वाजायला लागलं. झुंज! मी घाबरून हाताला लागतील ती बटणं दाबली. दोन मिनिटांनी कळलं की मी एक प्राणी पकडला आहे. पोटात दिवा असलेला, गलेलठ्ठ, बावळट तोंडाचा. "अगं ए, इकडे ये," मी हिला हाक मारली, "मी पकडला!" ही आली, बघितलं, म्हणाली, "तुमच्यावरच गेलाय," आणि गेली. मी त्याचं नाव ठेवलं टॉर्च.

आता चूक कुठं झाली ते सांगतो. सांगताना आजही लाज वाटते.

पडद्यावर विचारणा आली की पिशवीत सहाच मावतात, सातवा घ्यायचा तर एकाला सोडा. मी म्हटलं, हे तर रोजचंच. जन्मभर मी हेच बघत आलो. सहा जणांची लिफ्ट, सातवा शिरला की घंटा वाजते. मग काय करायचं? सगळ्यात हलका, शेवटी शिरलेला, त्याला म्हणायचं, "बाळा, जरा उतर, पुढच्या फेरीत ये." तो उतरतो, मजल्यावर थांबतो, लिफ्ट वर जाऊन खाली येते, तो चढतो. कुणाचं काही बिघडत नाही. म्हणून मी बोळ्याला उतरवलं. यंत्रानं दोनदा विचारलं, नक्की का? दोनदा मी हो दाबलं. मग टॉर्चला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो, जरा मिरवलो, आणि बोळ्याला घ्यायला त्याच जागी परत आलो.

तिथं कोणी नव्हतं.

मी झाडाला तीन चकरा मारल्या. गवत पालथं घातलं. तळ्याकाठी गेलो. मग मात्र तोंडचं पाणी पळालं. हिला सांगितलं तर ही कपाळावर हात मारून म्हणाली, "अहो, तो काय बसस्टॉप आहे, तुमची वाट बघत उभं राहायला?"

"तू हसू नकोस."

"हसत नाहीये." आणि खरंच ती हसत नव्हती. खुर्ची ओढून समोर बसली. "कुणाला सोडलंत? बोळ्याला? अहो, दुसरा कुणी मिळाला नाही का तुम्हाला?"

मग तिनं सांगितलं ते मला ठाऊक असायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही या घरात राहायला आलो, मुंगीची शाळा बदलली. नव्या वर्गात महिनाभर तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. त्या महिन्यात तिनं हा बोळा पकडला, तिचा पहिला प्राणी. रोज शाळेतून आली की खिडकीत बसून त्याला सगळं सांगायची. कोण हसलं, कुणी डबा खाताना शेजारी बसू दिलं नाही. त्याला झुंजायला कधी पाठवलं नाही, म्हणून ताकद चारच राहिली. हे सगळं त्याच खोलीत चालायचं जिथं मी पेपर वाचत बसायचो. मला वाटायचं पोरगी खेळतेय.

मला स्वतःचा इतका राग आला की मी चहा न पिताच चपला घातल्या.

आमच्या इमारतीखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथली बाई डोळ्याला भिंग लावून कुणाचा तरी फोन उघडून बसली होती. मी यंत्र तिच्यापुढे ठेवलं आणि घडलेलं सांगितलं. तिनं भिंग वर केलं.

"आजोबा, गावात गोदाम आहे की! जास्तीचे प्राणी तिथं ठेवतात."

"हे आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही आधी विचारलंत?"

आपलेच दात आपलेच ओठ. तिनं बिचारीनं काम बाजूला ठेवून समजावून सांगितलं. ज्यांना सोडून देतात ते प्राणी भुतांच्या मनोऱ्यात नवव्या मजल्यावर जातात. तिथं त्यांच्या सावल्या होतात, सगळ्या सारख्या काळ्या. मनोरा चढून वर पोचलं तर आपला प्राणी ओळखून परत आणता येतो. पण एकदाच निवडायचं. चुकीची सावली निवडली तर तीही आपल्याच प्राण्याचं रूप घेते, पण खरी कायमची गेली.

"आणि मनोरा चढायचा कसा?"

"ते काही सांगता येत नाही हो. माझा भाचा सहाव्या मजल्यावरून परत आला. भुतं पळवून पळवून मारतात."

म्हणजे हात दाखवून अवलक्षण मी केलं होतं, आणि निस्तरायचंही मलाच होतं. मुंगी शनिवारी चारला येणार. माझ्याकडे शुक्रवार आणि अर्धा शनिवार.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून बसलो. वही, पेन्सिल, चष्मा. ही वाटाणे सोलायला घेऊन शेजारी बसली. "मी बघणार नाही, मला भीती वाटते," म्हणाली आणि एक डोळा पडद्यावर ठेवून सोलू लागली.

मनोऱ्यात पाऊल टाकलं आणि दार मागं धाडकन बंद झालं. सगळा काळोख. मी टॉर्चला पुढं घातलं, तर त्याच्या पोटातला दिवा लागला आणि चार पावलांपुरता उजेड पडला. शाब्बास रे पठ्ठ्या! भिंतीला टेकून एक पांढरं काहीतरी झोपलं होतं. भूत. मी हळूच पुढं सरकलो. ते झोपूनच राहिलं. दुसरं होतं, तेही झोपलेलं. तिसऱ्याजवळून जाताना हिनं "पळा!" म्हणून असा आवाज केला की माझं बोट बटणावर जोरात दाबलं गेलं, खेळातला माझा माणूस धावत सुटला, आणि ते भूत जागं होऊन आमच्यामागे आलं. इतकी विद्रूप चीज मी जन्मात पाहिली नाही. डोळ्यांच्या जागी भोकं, तोंडाच्या जागी आणखी मोठं भोक. पडदा लाल झाला आणि आम्ही परत दारात.

"तू गप्प बसशील का?"

"तुम्हीच घाबरलात, माझ्यावर कशाला ओरडता?"

पण त्या भांडणातून एक गोष्ट कळली. चाललं तर भुतं झोपून राहतात, धावलं तर उठतात. पोरंटोरं धावतात, म्हणून मरतात. मला गेली सहा वर्षं गुडघ्यांमुळे धावता येत नाही, खेळातही धावायची हौस नाही. मी बटण अगदी हलकं दाबून एकेक पाऊल टाकत निघालो. एका मजल्याला तासभर लागायचा. वहीत नकाशा काढत गेलो, लिफ्टच्या शाफ्टचा काढायचो तसा. दुसरा मजला, जिना उजवीकडे. तिसरा, मधोमध खड्डा, भिंतीच्या कडेनं जा. चौथ्यावर आरशांची खोली, आपलंच तोंड बघून घाबरायला होतं, त्यात माझं काही नवीन नाही.

पाचव्या मजल्यावर एका भुतानं झोपेत कूस बदलली आणि नेमकं जिन्याच्या तोंडाशी येऊन आडवं झालं. पुढं जायला जागा नाही. मी अर्धा तास तसाच उभा. हिनं वाटाण्याचं ताट बाजूला ठेवलं, चष्मा मागून घेतला, नीट बघितलं आणि म्हणाली, "अहो, घोरतंय ते. घोरणारा माणूस थोड्या वेळानं कूस बदलतोच, हे मला विचारा." दहा मिनिटांनी ते भूत खरंच पलीकडे वळलं. चाळीस वर्षांच्या संसाराचा मला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

दुपारच्या जेवणाला उठलो नाही. हिनं घास भरवले, खोटं नाही. संध्याकाळपर्यंत सात मजले झाले. माझी बोटं आखडली होती, टॉर्चचा दिवा मिणमिणू लागला होता, मी त्याला खायला घातलं आणि म्हणालो, "बाबा रे, आज तू नसतास तर माझं काही खरं नव्हतं." बाकीच्या पाच जणांनाही खायला घातलं. वहीत सहावी ओळ रिकामी राहिली, ती बघवेना.

शनिवारी बाराच्या सुमाराला नवव्या मजल्याचं दार उघडलं.

वर भुतं नव्हती. मोठी गच्ची, आणि गच्चीभर सावल्या. मी मोजल्या, तेवीस. सगळ्या सारख्या, गोल, काळ्या, डोळे नसलेल्या. कुणाकुणाचे सोडून दिलेले जीव. मधे एक म्हातारी स्टुलावर बसलेली. ती म्हणाली, ज्याला न्यायला आलात तो दाखवा. मी यंत्राच्या जवळ तोंड नेलं, लांब धरलं, चष्मा पुसला. यातला बोळा कोणता? दोन दिवसांत मी त्याला एकदाच खायला घातलं होतं, आणि तेव्हाही वहीकडे बघत होतो. तो कसा चालतो, कसा बसतो, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"घ्या कुठलाही," ही हळूच म्हणाली. "परत आल्यावर सगळे सारखेच दिसणार. नाव बोळाच ठेवा. पोरीला काय कळतंय?"

बोट बटणावर होतं. मनात आलं, घेऊन टाकावा. चार वाजता पोरगी येईल, सहा प्राणी मोजेल, आबा शहाणा म्हणेल, विषय संपला. पण मग ती खिडकीत बसून त्याच्याशी बोलेल, आणि मला समोर पेपर धरून बसावं लागेल, आतून चोर होऊन. मी बोट काढलं. यंत्र चार्जिंगला लावलं.

"सांगणार आहात तिला?" हिनं विचारलं.

"हो."

"चावेल."

"चावू दे."

मुंगी चार वाजता आली. पाठीवर पोतं, गुडघ्याला माती, आवाज बसलेला. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "आबा, सगळ्यांनी खाल्लं?" मी तिला पाणी दिलं, समोर बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. टॉर्च पकडला ते, बोळ्याला उतरवलं ते, तो परत सापडला नाही ते. काही लपवलं नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायचा माझा स्वभाव नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, बाथरूममध्ये गेली आणि आतून कडी लावली. नळ सोडल्याचा आवाज आला. नळाच्या आवाजाखाली दुसराही आवाज होता, तो मला ऐकू येऊ नये म्हणूनच नळ सोडला होता.

मी दाराबाहेर जमिनीवर बसलो. गुडघे नको म्हणाले, तरी बसलो.

"मुंगे, मी चुकलो. मला त्याची किंमत माहीत नव्हती, आणि ते माहीत नसणं हीसुद्धा माझीच चूक. तू इतके दिवस त्याच्याशी बोलायचीस आणि मी एकदाही विचारलं नाही."

नळ चालूच.

"तो मनोऱ्याच्या गच्चीत आहे. मी तुला दारापर्यंत नेऊन ठेवलंय. पुढचं मला येत नाही."

नळ बंद झाला. मग आतून आवाज आला, "तू मनोरा चढलास?"

"हो."

"नऊ मजले?"

"नऊ."

"भुतं होती?"

"ढीगभर."

"मग?"

"हळू चाललं की उठत नाहीत. घोरतात नुसती. आजीला विचार."

कडी निघाली. डोळे लाल, नाक लाल. माझ्याकडे न बघता तिनं हात पुढं केला. मी यंत्र दिलं. ती माझ्या शेजारी, बाथरूमच्या दारातच बसली, आणि यंत्र सुरू केलं.

तेवीस सावल्या. तिनं एकदा सगळीकडे बघितलं आणि पिशवीतून खाऊ काढून गच्चीच्या मधोमध ठेवला. सावल्या भराभर पुढं आल्या, एकमेकींना ढकलत. मी म्हटलं, आता कसं ओळखायचं? मुंगी पुढं आलेल्यांकडे बघतच नव्हती. ती मागं बघत होती. टाकीच्या आडोशाला एकच सावली राहिली होती, खाऊकडे तोंड करून, जागची न हललेली.

"हा," ती म्हणाली. "गर्दीत तो कधी येत नाही. सगळ्यांचं झाल्यावर येतो. उपाशी राहतो, पण येत नाही."

तिनं बटण दाबलं. काळा रंग पुसला गेला, खाली राखाडी दिसला, दोन ठिपके उघडले. बोळा! मी टाळी वाजवली. स्वयंपाकघरातून ही धावत आली आणि "सापडला का मेला!" म्हणून डोळ्याला पदर लावला. मुंगीनं मात्र माझ्याकडे अजून बघितलं नव्हतं.

आणि तेवढ्यात ती म्हातारी म्हणाली, पिशवीत सहाच मावतात. याला न्यायचं तर एकाला इथं ठेवा.

याचा विचारच केला नव्हता. "टॉर्चला ठेव," मी लगेच म्हणालो, वेळ गेला असता तर तोंडातून निघालं नसतं.

आता तिनं माझ्याकडे बघितलं. "तुला आवडतो ना तो?"

"छे! कंदील तर आहे. ठेव त्याला."

"आबा, तुझा आवाज फाटला."

"सर्दी झालीय."

ती सहाही जणांवरून बोट फिरवत गेली. टॉर्च, वाकड्या, मावशी, ढेकर, इस्त्री. हेडसरावर येऊन थांबली.

"अगं, तो तर सगळ्यात जोरदार आहे! त्याच्याशिवाय झुंजणार कशी?"

"म्हणूनच. हेडसरना एकटं राहता येतं. त्यांना कशाचीच भीती वाटत नाही. बाकीच्यांना वाटते." आणि मग, "खाली उतरलो की एकाला गोदामात ठेवू, म्हणजे पिशवीत हेडसरांपुरती जागा होईल. उद्या हेडसरना न्यायला परत चढू. आपण दोघं. तुझ्या वहीत नकाशा आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

मी बटणाची वाट बघत होतो. तिनं दाबलं नाही. यंत्र तोंडाजवळ नेलं आणि अगदी नीट, शब्द सुटे करून बोलली, "हेडसर, तुम्ही आजचा दिवस इथं राहा. आम्ही तुम्हाला सोडून दिलेलं नाहीये. उद्या जेवण झालं की निघतो. यायला वेळ लागेल, कारण आबा हळू चालतो. पण येतो."

मी बोळ्याला उतरवलं तेव्हा एक अक्षर बोललो नव्हतो. पुढच्या फेरीत घेईन हे माझ्या मनात होतं, त्याला कुठं ठाऊक होतं? एवढासा जीव, त्याला वाटलं असेल आपण नकोच आहोत. खेळातलाच तो, कळतं मला. तरी.

मुंगीनं यंत्र माझ्या तोंडापुढं धरलं.

"तूही सांग त्यांना."

ही दारात उभी, मी अडुसष्ट वर्षांचा माणूस बाथरूमच्या उंबऱ्यावर बसलेला. पण मी सांगितलं. हेडसरना सांगितलं आणि मग, तिनं न सांगताच, बोळ्यालाही सांगितलं.